मार्तंडरावांच्या अंगावरचा कोट

जालना जिल्ह्यात माणूस मेला की त्याला कोट मिळतो. जन्म बंडीत काढलेला असो की भोकं पडलेल्या बनियनमध्ये, गेल्यावर घरचे त्याचा फोटो घेऊन फ्लेक्सच्या दुकानात येतात आणि म्हणतात, "कोट-टाय घाला जरा, भारी दिसलं पाह्यजे." फोटो कसला, तर कुणाच्या तरी लग्नात पंगतीला बसलेला असताना काढलेला. शेजारी दुसऱ्याचा अर्धा खांदा, मागे मंडपाचा खांब, तोंडात घास. त्यातून डिझायनरने मान तेवढी कापायची, कोटावर बसवायची, डोळे मिटलेले असतील तर उघडायचे आणि मागे निळं आभाळ सोडायचं. चहा निवायच्या आत माणूस साहेब होतो आणि भिंतीवर चढतो.

जुन्या जालन्यात कल्याणच्या दुकानात हे काम अक्षता करायची. औरंगाबादला राहून तिने रंगसंगती शिकली होती, दोन अक्षरांमध्ये किती हवा सोडायची ते शिकली होती, आणि आता ती भावी नगरसेवकांच्या गालावरचे खड्डे बुजवत होती. बियाण्याच्या पाकिटावरची मिरची आणखी लाल कर. कपाशीचं बोंड आणखी फुगव. साहेबांचं डोकं वहिनींपेक्षा मोठं घे, आणि शुभेच्छुकांच्या रांगेत अमक्याला तमक्याच्या वर घेऊ नको, नाहीतर तो येऊन दुकान फोडेल. कल्याण मागे उभा राहून स्क्रीनवर बोट टेकवत हे सगळं सांगायचा आणि त्याच्या बोटाचे तेलकट ठसे ती दिवसभर पुसत राहायची. तिला या कामाचा राग होता, कल्याणचा राग होता. सगळ्यात जास्त स्वतःचा होता, कारण हे काम तिला फार चांगलं जमत होतं.

तिच्याबरोबर शिकलेली गंधाली पुण्यात होती. अधूनमधून तिचा फोन यायचा. कधी ती मांजरांची पोस्टकार्डं काढत असायची, कधी स्वतःचा फॉन्ट. "नोकरी पोटासाठी गं. पण साइड प्रोजेक्ट हवाच. तुझं काय चाललंय?" ती विचारायची. अक्षता "बघू" म्हणून फोन ठेवायची. खरं म्हणजे तिचा साइड प्रोजेक्ट जोरात चालू होता आणि जिल्हाभरच्या भिंतींवर टांगलेला होता. तो म्हणजे हा कोट.

कारण कोट एकच होता. ती दुकानात लागली तेव्हा कल्याणकडे कोट म्हणून जे होतं ते कुठल्याशा गोऱ्या मॉडेलचं होतं. खांदे दाराएवढे. त्यावर आपल्याकडची मान बसवली की पिंपावर तांब्या ठेवल्यासारखी दिसायची. म्हणून तिने घरून वडिलांचा जुना फोटो आणला, स्कॅन केला, छातीपुरता भाग कापून घेतला आणि त्या काळ्या-पांढऱ्या कोटाला गडद निळा रंग दिला. आपल्याकडच्या माणसाचे खांदे, आपल्याकडच्या शिंप्याचा हात. कुठलीही मान त्यावर चपखल बसायची. घाईत घातल्यामुळे कोटाच्या डाव्या कॉलरचं टोक जरा वर वळलेलं होतं. दुसऱ्या कुणी ते आधी सपाट केलं असतं. तिने तसंच ठेवलं. त्यामुळे राजूरपासून टेंभुर्णीपर्यंत कुठल्याही घरात जा, हारामागच्या माणसाच्या कॉलरचं डावं टोक वर वळलेलं दिसेल. कुणाकडे गेली की चहा येईपर्यंत ती भिंतीवरच्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढून घ्यायची. सगळे जमवून एक छोटं पुस्तक करायचं तिच्या डोक्यात होतं. नावही ठरलं होतं, 'एकच कोट'.

यात गंमत होती, पण नुसती गंमत नव्हती. वडिलांनी, म्हणजे अप्पारावांनी, तो कोट आयुष्यात एकदाच घातला होता.

अप्पाराव टेंभुर्णीच्या बौद्धवाड्यातले. तरुणपणी जालन्याला बियाण्याच्या गोदामात कामाला लागले आणि लग्न ठरल्यावर स्वतःच्या पगारातून जुन्या जालन्यातल्या शिंप्याकडे त्यांनी कोट शिवला. शिंप्याकडून निघून तडक स्टुडिओत गेले, बस चुकेल म्हणून घाईघाईने फोटो काढला आणि कोट अंगावर घेऊनच टेंभुर्णीला उतरले. भर बाजारपेठेतून चालत निघाले. वाटेत मार्तंडराव ओट्यावर बसले होते. गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

"कोणाच्या परवानगीनं घातला?" त्यांनी विचारलं. "काढ तो कोट. हातावर घे, अन् मंग जा घरी."

ओट्यावरचे सगळे हसले. कुणीतरी मागून ढकललं आणि काढता काढता कोट धुळीत पडला. अप्पारावांनी तो उचलला, उलटा केला, म्हणजे माखलेली बाजू आत जाईल, आणि हातावर घेऊन घरी गेले. लग्न त्यांनी साध्या शर्टावर केलं. बायकोला, मालनबाईला, घेऊन जालन्याला बिऱ्हाड केलं ते कायमचं. कोट ट्रंकेत पडून राहिला आणि कसरीने त्याची चाळण केली. उरला तो फक्त फोटोत. ही गोष्ट अक्षताला आईने सांगितली होती. वडिलांच्या तोंडून तिने कधी ऐकली नाही.

तेव्हा जिल्ह्यातला एकेक मेलेला माणूस तो कोट घालून भिंतीवर चढला की तिला आत कुठेतरी थंड वाटायचं. घाला, ती मनात म्हणायची. सगळे घाला.

मागच्या वर्षी मार्तंडराव गेले. त्यांचा मुलगा शिवाजी फोटो घेऊन दुकानात आला. त्याचं टेंभुर्णीत बी-बियाण्याचं दुकान, म्हणजे कल्याणचं मोठं गिऱ्हाईक. फोटोत मार्तंडराव नुसत्या बंडीत बसलेले, खांद्यावर टॉवेल.

"आमच्या दादांनी कधी कोट घातला न्हाई," शिवाजी म्हणाला. "पन आता घाला ताई. असा घाला की गावानं पाह्यलं पाह्यजे."

अक्षताने फोटोमागचं नाव वाचलं, गाव वाचलं आणि ती इतकं गोड हसली की कल्याणला संशय यायला हवा होता.

"घालते की. खास घालते."

त्या मानेसाठी ती जेवढी राबली तेवढी कुठल्याच कामासाठी राबली नसेल. गळ्याखालची सावली, कानामागचे केस, सगळं बैजवार केलं. बॅनर टेंभुर्णीच्या स्टँडवर लागला, फ्रेम घरात लागली. आजवरचं आपलं सगळ्यात चांगलं काम आपण केलं आहे, असं तिला वाटलं. ही पोरगी हुशार होती, पण हुशारीला लगाम नव्हता.

या वर्षी मे महिन्यात मार्तंडरावांचं वर्षश्राद्ध आलं. तोच बॅनर 'प्रथम पुण्यस्मरण' म्हणून पुन्हा स्टँडवर चढला. नेमके त्याच दिवशी अप्पाराव बहिणीच्या नातवाच्या लग्नाला टेंभुर्णीला गेले आणि लग्न न लावताच दुपारच्या बसने परत आले. संध्याकाळी अक्षता घरी पोचली तेव्हा ते चपलांसकट खुर्चीत बसले होते.

"टेंभुर्णीच्या स्टँडवर मार्तंड हाय," ते म्हणाले. "माझा कोट घालून."

अक्षताला आनंदाची उकळी फुटली. हा क्षण तिला हवाच होता. "पाह्यला का बाबा? वर्ष झालं! त्यांच्या घरात भिंतीवर तुमचा कोट हाय. रोज हार घालून राह्यले, रोज उदबत्ती लावून राह्यले. अन् त्यांना पत्ताच न्हाई!"

"उदबत्ती मार्तंडला लागून राह्यली. कोटाला न्हाई."

"पन बाबा, ज्यानं तुमचा कोट काढाय लावला, त्यालाच..."

"त्यानं काढाय लावल्ता," अप्पाराव म्हणाले. "नेला न्हवता. तू नेऊन घातला."

अक्षताच्या तोंडचं पाणी पळालं. तिने दुसरे कोण कोण तो कोट घालून बसले आहेत ते सांगायला सुरुवात केली. अप्पारावांनी हात वर केला. "बाकीच्यांना घातला तर घातला. मेलेल्या मान्साला उघडं ठिवू नये. पन त्याला न्हाई." मग ते उठले आणि आत गेले.

त्या दिवसापासून अप्पाराव तिच्याशी बोलेनासे झाले. घर एवढंसं, माणसं तीन, आणि बाप लेकीशी बोलत नाही. रोज दुपारी तिचा डबा घेऊन ते दुकानात यायचे, ती सवय मोडली नव्हती. फक्त पूर्वी "गरम हाय, खाऊन घे" म्हणायचे, आता काउंटरवर डबा आदळायचे, तिचं खाणं होईपर्यंत बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसायचे आणि रिकामा डबा उचलून चालू लागायचे. 'एकच कोट'साठी जमवलेले फोटो तिने उघडून पाहिले. सगळ्या भिंती तशाच होत्या, कॉलरची टोकं तशीच वर होती, आणि त्यात हसण्यासारखं काय होतं ते तिला आता आठवेना. गंधालीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "माझा साइड प्रोजेक्ट बंद पडला."

तिने शिवाजीला फोन केला. तुमच्या दादांना नवीन कोट घालून देते, याहून भारी, फ्रेमसकट देते, असं अजिजीने सांगितलं.

"न्हाई ताई, तोच राहू द्या," शिवाजी खुशीत म्हणाला. "दादा असे दिसून राह्यले त्याच्यात, जसा काई त्यांच्याच मापाचा शिवलाय."

तिने फोन ठेवला आणि मुठी आवळून बसून राहिली. मापाचा म्हणे!

एक जून जवळ येत होता. अप्पारावांचा खरा वाढदिवस कुणालाच ठाऊक नव्हता. शाळेत घालताना मास्तरांनी एक जून लिहिला, तोच धरायचा, आणि या खेपेला त्या हिशोबाने पंचाहत्तर पूर्ण होत होती. टेंभुर्णीत एक बॅनर लावायचं तिने ठरवलं. पण या वेळी विचारल्याशिवाय नाही. अप्पाराव समोर बसलेले असताना ती आईला म्हणाली, "आई, बाबांना विचार. त्यांचा पूर्ण फोटो टेंभुर्णीच्या स्टँडवर लावू का? कोटातला. मार्तंडच्या समोर."

मालनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. अप्पाराव भाकरी मोडत राहिले.

सकाळी अक्षता निघाली तेव्हा मालनबाईने टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम तिच्यापुढे धरली. "पहाटं उठून ट्रंकेतून काढली त्यांनी. तुला द्या म्हन्ले न्हाईत. पन तुझ्या चपलेपाशी ठिवलीय."

या वेळी तिने काहीच कापलं नाही. आभाळ नाही, गुलाब नाहीत, शुभेच्छुकांची रांग नाही. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, लाकडी तिवई, तिवईवर हात ठेवून ताठ उभा असलेला सडपातळ तरुण आणि त्याच्या अंगावरचा कोट. सगळं होतं तसं काळं-पांढरं. खाली दोन ओळी. 'पंचाहत्तराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. अप्पाराव, स्वतःच्या कोटात.' कल्याणने वाचून नाक मुरडलं. "एवढी जागा रिकामी? काहीतरी टाक की." तिने काही टाकलं नाही.

आत्याच्या मुलांनी बॅनर स्टँडवर बांधला. रस्त्याच्या एका अंगाला मार्तंडराव, समोरच्या अंगाला अप्पाराव, आणि दोघांच्या कॉलरचं डावं टोक वर वळलेलं. गावाला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून शिवाजीच्या दुकानात येणारा प्रत्येकजण बियाण्याच्या आधी तेच विचारू लागला. "शिवाजीराव, दादांचा कोट अप्पारावनं घातला का अप्पारावचा दादांनी?"

दुपारी शिवाजीची गाडी कल्याणच्या दुकानासमोर थांबली. अप्पाराव नुकतेच डबा ठेवून बाकावर बसले होते.

"हे काय लावलंय?" शिवाजीने मोबाईल काउंटरवर आपटला. त्यात समोरासमोरच्या दोन्ही बॅनरचे फोटो होते. "आमच्या दादांसाठी खास कोट केला म्हन्ली अन् तोच उचलून दुसऱ्याला घातला? अन् घातला तर कोणाला! अन् वरून लिव्हलंय, स्वतःच्या कोटात. लाज वाटती का?"

कल्याण हात जोडत पुढे आला. "चूक झाली शेठ. पोरगी हाय, घाईत झालं असंल. अक्षता, माफी माग जल्दी."

"माफी नको मला," शिवाजी ओरडला. "तो बॅनर आत्ता उतरवा. काढा तो कोट त्याच्या अंगावरचा!"

बाकावर अप्पारावांची पाठ ताठ झाली. त्यांनी मान वळवली नाही. अक्षताने काउंटरवरचा डबा बाजूला सारला. तिच्या डोक्यात तिडीक गेली, पण आवाज शांत निघाला.

"बसा," ती म्हणाली. "कोट काढायच्या आधी कोणाचा हाय ते बघून घ्या."

तिने फ्रेमभोवतीचा टॉवेल सोडला आणि ती काउंटरवर ठेवली. कडांना पिवळी पडलेली जुनी प्रिंट, कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्का आणि साल. मग संगणकावर मार्तंडरावांची फाईल उघडली आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. शिवाजीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. तेच खांदे, तेच बटण, तेच वर वळलेलं टोक. फोटो त्या सालचा आणि तेव्हा संगणक कुठे होते, एवढं त्याला कळायला वेळ लागला नाही. पुढचं कळायला थोडा लागला.

"म्हंजे दादांच्या अंगावर..."

"बाबांचा कोट हाय. वर्ष झालं."

"कोन बाबा?"

अक्षताने बाकाकडे बोट दाखवलं. अप्पाराव आता वळून बसले होते आणि सरळ शिवाजीकडे बघत होते. शिवाजीनेही त्यांना पाहिलं. त्याला ती जुनी गोष्ट ठाऊक होती की नव्हती, देव जाणे. पण त्याचं तोंड असं वाकडं झालं जसं काही जेवताना केस दाताखाली आला. माफी नाही, विचारपूस नाही. आपल्या देवघराच्या भिंतीवर वर्षभर कुणाचा कोट लटकत होता, एवढंच त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"काढा," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता, बाहेर रस्त्यावर कुणी ऐकू नये म्हणून. "आत्ताच्या आत्ता काढा."

"काय काढू?" अक्षताने विचारलं.

"कोट."

"कोणाच्या अंगावरचा?"

कल्याणने तिला डोळ्यांनी दटावलं. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती शिवाजीकडे बघत थांबली.

"आमच्या दादांच्या," शिवाजी दात-ओठ खात म्हणाला. "दादांच्या अंगावरचा कोट काढा."

अक्षताने माऊसवर हात ठेवला. कोट निवडला. कडेने बारीक रेघ फिरू लागली, खांद्यावरून, बाहीवरून, वर वळलेल्या टोकावरून. कोटाखालच्या थरात मार्तंडरावांचा मूळ फोटो होता तसा होता, गळ्याशी फाटलेली बंडी आणि खांद्यावर टॉवेल.

"दुसरा घाला मंग," शिवाजी पुटपुटला. "असे उघडे बरे दिसत न्हाईत ते."

"दुसरा न्हाई माझ्याकडं."

तिचं बोट डिलीटच्या बटणावर टेकलं. तेवढ्यात बाकावरून आवाज आला. कितीतरी दिवसांनी आला म्हणून तिला आधी ओळखूच आला नाही.

"अक्षता," अप्पाराव म्हणाले. "बराबर काढ. खाली पडू देऊ नको."